यादीखाली मुलीची सही: गवळी धनगर समाजाच्या पंचांना खुले पत्र

खानापूर, हल्याळ आणि चंदगड तालुक्यांतील गवळी धनगर समाजाचे पंच, कारभारी व वडीलधारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

शिलंगणाच्या (दसऱ्याच्या) दुसऱ्या दिवशी समाजाची बैठक भरणार असून तिच्यात मुलाकडून लग्नात मुलीच्या घरी जाणारे ‘देज घेणे-देणे कायमचे बंद’ असा ठराव मांडला जाणार आहे, असा निरोप मला मिळाला. ठरावाचा कच्चा मसुदा मीच लिहून द्यावा, असाही आपला आग्रह आहे. मसुदा लिहिण्याआधी मला जे म्हणायचे आहे, ते बैठकीच्या गलबल्यात नीट बोलता येणार नाही. शिवाय ते केवळ पंचांनी नव्हे, तर गोव्यात, पुण्यात आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला असलेल्या आपल्या मुलामुलींनीही वाचावे, अशी इच्छा असल्यामुळे हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. वाड्यावरचा, म्हणजे आपल्या वस्तीवरचा, पहिला शिकलेला मुलगा म्हणून तेविसाव्या वर्षी लग्न ठरवण्याच्या सुपारीच्या बैठकीत माझ्या हाती पेन दिले गेले, ते आजतागायत कोणी काढून घेतलेले नाही. लग्नात कोणी काय द्यायचे त्याची यादी लिहायची, ती मोठ्याने वाचायची, दोन्हीकडच्या वडिलांच्या आणि पंचांच्या सह्या-अंगठे घ्यायचे, एक प्रत वरपक्षाला, एक वधूपक्षाला द्यायची आणि तिसरी आपल्या वहीत उतरवून ठेवायची, असा माझा शिरस्ता आहे. अशा चार वह्या पत्र्याच्या पेटीत आहेत. या पत्रातले आपल्या वाड्यांविषयीचे बहुतेक सगळे त्या वह्यांतूनच आले आहे.

पहिल्या वहीतली यादी चार-पाच ओळींपुढे जात नाही. रोख एकशे एक्कावन्न, भात दोन पोती, नवरीच्या आईला लुगडे, मामाला पागोटे, आणि ज्याला झेपेल त्याच्याकडून एक पारडी. हे सगळे मुलाकडून मुलीकडे जायचे. त्यामागचा हिशेब कोणी बोलून दाखवत नसे, पण तो प्रत्येकाला कळत होता. गवळ्याच्या घरात बारा-तेरा वर्षांची पोर धारा काढते, ताक घुसळते, लोण्याचा गोळा पानात बांधून आईबरोबर बाजार गाठते. अशी पोर घरातून गेली की कामाचे दोन हात जातात, आणि ते ज्या घरात जातात त्या घराने त्याची जाण ठेवायची, हा देजाचा अर्थ. कन्नड बोलणारे आपले शेजारी यालाच ‘तेर’ म्हणतात.

त्या वहीत एक पारडी मला दोनदा भेटते. कपाळावर चांद असलेली, म्हणून मी ती खूण कंसात लिहून ठेवली होती. एका घरी ती मुलीच्या देजात आली आणि दीड वर्षाने त्याच घराच्या मुलाचे लग्न ठरले तेव्हा, आता गाभण असलेली, दुसऱ्या वाड्यावर गेली. देज साठवून ठेवायची वस्तू नव्हतीच. लेकीसाठी आलेले सुनेसाठी बाहेर पडत असे, आणि असे फिरत फिरत ते दहा-बारा वाड्यांच्या रिंगणातच राहत असे. कोणी फार मागितले तर पुढच्या खेपेला त्यालाही तितकेच द्यावे लागणार, हे ठाऊक असल्यामुळे आकड्याला आपोआप वेसण होती.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिच्यात मुलीला कोणी काही विचारत नव्हते. नांदवत नाहीत म्हणून माहेरी परतलेल्या एका मुलीला तिच्याच भावाने पुन्हा सासरी पोचवले, कारण तिच्या देजावर त्याचे लग्न उभे राहिले होते आणि परत करायला घरात काही उरले नव्हते. त्या बैठकीचे टिपण माझ्याच हातचे आहे, आणि ‘समजूत घालून पाठविली’ हे शब्दही माझेच आहेत. आफ्रिकेतील युगांडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली लग्न मोडल्यावर वधूमूल्य परत मागण्याची रूढी घटनाबाह्य ठरवली, हे वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मला ती मुलगी आठवली होती. म्हणून देज जसेच्या तसे टिकवा, असे मी म्हणणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. आपण ज्या देजावर बंदी घालू पाहता, ते आता जवळजवळ राहिलेलेच नाही. त्याच्या जागी जे आले आहे त्याचे नाव आपल्या ठरावात कुठेही नाही.

ते कसे आले, हे आपल्यापैकी प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिले आहे. गायरान आणि रान आक्रसत गेले. २०११ मध्ये खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य जाहीर झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर, आणि जिथे आपल्या म्हशी पिढ्यानपिढ्या चरल्या तिथे चराईचा प्रत्येक दिवस वादाचा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने आशा दाखवली खरी, पण आपण कर्नाटकात अनुसूचित जमातीत नसल्यामुळे आपल्याला इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करावा लागतो, आणि त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. चारा संपला की वाडा उचलून दुसऱ्या टेकडीवर जाणाऱ्या माणसांनी पंचाहत्तर वर्षांचे कागद आणायचे कुठून? म्हशी विकल्या गेल्या. चोर्ला घाटातून आणि अनमोडवरून पोरे गोव्यात उतरली, हॉटेलांत, बांधकामांवर, कारखान्यांत लागली. काही बेळगावच्या फौंड्र्यांत गेली, काही थेट चाकणला. मुलीही गेल्या. पणजी-म्हापशाच्या घरांत धुणीभांडी करायला, मुले सांभाळायला आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला.

माणूस घर सोडून मजुरीला गेला की लग्नातली देवघेव बदलते, हे काही आपल्याच वाट्याला आलेले नाही. दक्षिण आफ्रिकेतील झुलू लोकांत मुलाकडून मुलीच्या घरी गाई द्यायची ‘लोबोला’ नावाची चाल आहे. तिथल्या नाताळ नावाच्या वसाहतीच्या इंग्रज सरकारने १८६९ साली सामान्य माणसासाठी दहा गाईंची कमाल मर्यादा घालून दिली. पुढच्या काळात किंबर्लीच्या हिऱ्यांच्या आणि जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत तरुण मुले मजुरीला गेली आणि स्वतःच्या कमाईने गाई घेऊ लागली. पूर्वी बापाच्या गोठ्यावाचून लग्न होत नसे. आता बापाचे आणि पंचांचे तोंड पाहायची गरज उरली नाही. सरकारने घातलेली कमाल मर्यादा मात्र रूढी होऊन बसली. दीडशे वर्षांनंतरही तिथे दहा गाई आणि वर आईची अकरावी, असाच हिशेब बोलला जातो, फक्त गाई आता बहुतेक वेळा नोटांत मोजतात. आपल्यापैकी काही जण ‘बंदी नको, एक्कावन्न हजारांची मर्यादा घालू’ असे सुचवीत आहेत, त्यांनी याचा विचार करावा. मर्यादा म्हणून लिहिलेला आकडा पुढच्या पिढीत भाव होऊन बसतो.

इतके लांब जायचे नसेल तर मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरच्या भिल्लांकडे पाहावे. तिथे मुलाकडून द्यायच्या रकमेला ‘दापा’ म्हणतात. त्यासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि ते फेडायला नव्या जोडप्याने गुजरातेत मजुरीला जायचे, हा क्रम तिथे घरोघरी आहे. म्हणजे एकीकडे स्थलांतरामुळे रक्कम फुगते आणि दुसरीकडे फुगलेली रक्कमच माणसाला स्थलांतराला लावते.

आपल्याकडे मात्र घडले ते याच्या उलट, आणि माझ्या मते अधिक वाईट. आपल्याकडे पैशाची दिशाच फिरली.

माझ्या तिसऱ्या वहीपासून ते दिसते. आधी ‘देज’ या शब्दाखालचा आकडा लहान होत जातो, मग तो शब्द गळतो आणि ‘मुलीकडून आहेर’ असा मथळा येतो. त्याखाली भांडी, कपाट, मग अर्धा तोळ्याची अंगठी, मग मोटारसायकल. चौथ्या वहीत मथळ्यापुढे ‘स्वखुशीने’ हा शब्द येऊन बसला आहे. एवढ्या वर्षांत मी लिहिलेल्या शब्दांत याच्याइतका खोटा शब्द दुसरा नसेल. मुलगा महिन्याला पगार आणतो, त्याचे गोव्यात भाड्याचे घर आहे, मुलीला शेणामुतात हात घालावा लागणार नाही, मग मुलीच्या बापाने काही नको का द्यायला, असा युक्तिवाद बैठकीत होतो, आणि आपण सगळे माना डोलावतो. धार काढणाऱ्या मुलीचे काम सर्वांना दिसत होते, म्हणून तिच्यासाठी देज होते. म्हशी गेल्या, तसे तिचे काम दिसेनासे झाले आणि ती ‘खाणारे तोंड’ ठरली. खरे तर तीच मुलगी लग्नानंतर पर्वरीत चार घरची कामे करून भाडे भरते, पण यादी लिहिताना ते कोणी मोजत नाही. त्यात सोन्याचा भाव २०२५ साली दहा ग्रॅमला लाखाच्या पलीकडे गेला. दोन तोळे हा शब्द उच्चारायला जितका सोपा राहिला, तितका तो बापाला राहिला नाही.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझे सांगतो. माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नात व्याह्यांनी मोटारसायकल दिली. मी मागितली नव्हती, पण नकोही म्हटले नाही, आणि यादीत ‘स्वखुशीने’ हा शब्द मीच घातला. ती गाडी घेण्यासाठी त्यांनी दोन दुभत्या म्हशी विकल्याचे मला वर्षाने कळले. गाडी अजून दारात आहे.

जी मुले वाड्यावरच राहिली, म्हशी राखत राहिली, त्यांची दुसरीच गत झाली आहे. त्यांना कोणी मुलगी देत नाही. तिशी ओलांडलेल्या अशा मुलांच्या घरी आता मध्यस्थ येतात, लांबच्या तालुक्यातल्या गरीब घरची मुलगी दाखवतात, लाख-दीड लाख ठरवतात. त्यातले मुलीच्या बापाच्या हाती किती पडते ते देव जाणे. या व्यवहारालाही लोक ‘देज’ म्हणतात. त्यात ना सोयरिकीची ओळख असते, ना पंच, ना यादी. माझ्याकडे अशा लग्नाची यादी लिहायला कोणी येत नाही आणि आले तरी मी लिहिणार नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर तो विवाह कर्नाटकात मुळातच रद्दबातल ठरतो, एवढे तरी मुलांच्या आईबापांनी ध्यानात ठेवावे.

नुकसानभरपाईचा पैसा हा आणखी एक नवा धागा आहे. भीमगडमधील तळेवाडीच्या कुटुंबांना जंगलाबाहेर येण्यासाठी कुटुंबामागे पंधरा लाखांचे पॅकेज ठरले. उद्या इतर वस्त्यांवरही हीच वेळ येऊ शकते. घराच्या बदल्यात येणारा पैसा लग्नाच्या बैठकीत वाहून जाऊ नये, याची काळजी वनखाते घेणार नाही. ती आपल्यालाच घ्यावी लागेल.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहावेसे वाटले, तो सांगतो. गेल्या माघातली गोष्ट. मुलगी सहा वर्षे गोव्यात एका घरी आजीबाईंची देखभाल करीत होती. सुपारी फुटली, मी यादी वाचू लागलो: ‘मुलीच्या वडिलांकडून मुलीस दीड तोळ्याचे मंगळसूत्र, कानातली, मुलास अंगठी...’ दाराआडून मुलगी पुढे आली. डोक्यावरचा पदर सावरला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, “गुरुजी, ते सोनं बाबांनी नाही घेतलं. माझ्या पगारातनं घेतलंय. पावती माझ्या नावाची आहे. तसं लिवा.” बैठकीत शांतता पसरली. तिच्या वडिलांनी मान खाली घातली, मुलाच्या काकांनी ‘लिहिल्याने काय फरक पडतो’ म्हणून विषय संपवायचा प्रयत्न केला. मुलीने पिशवीतून घडी घातलेली पावती काढून माझ्या वहीवर ठेवली. मी ती ओळ खोडली आणि नवी लिहिली. मग सह्या घ्यायची वेळ आली, तेव्हा माझ्या ध्यानात आले की तिने सही करावी अशी जागाच माझ्या यादीत नाही. माझ्या चारही वह्यांत कुठल्याच यादीखाली एकाही मुलीची सही नाही.

त्यानंतर मी कायदा मिळवून वाचला. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याची व्याख्या ‘विवाहातील एका पक्षाने दुसऱ्यास’ दिलेल्या मालमत्तेची आहे. तिच्यात दिशा ठरवलेली नाही, त्यामुळे हुंड्याइतकेच ठरवून घेतलेले देजही तिच्यात अडकू शकते. शिक्षा किमान पाच वर्षांची आणि दंड किमान पंधरा हजारांचा किंवा हुंड्याच्या किमतीइतका, यांपैकी जो जास्त असेल तो. मात्र न मागता, चालीरीतीप्रमाणे आणि ऐपतीच्या मर्यादेत दिलेल्या भेटींना कायदा आडवा येत नाही, पण त्यांची यादी हवी, असे तो सांगतो. ती यादी कशी असावी याचे नियम १९८५ साली झाले आहेत: लेखी असावी, प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन आणि अंदाजे किंमत असावी, कोणी दिली आणि त्याचे नाते काय ते असावे, आणि खाली वधू व वर या दोघांच्या सह्या असाव्यात. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवून अंगठा घ्यावा. म्हणजे जे काम मी इतकी वर्षे करीत आलो, तेच कायद्याने सांगितले आहे. चुकत होते ते एवढेच, की आपण दोन्ही बापांच्या सह्या घेत होतो आणि जिच्या नावाने सगळे चालले आहे तिला बाहेर बसवत होतो. हुंडा म्हणून काही घेतले गेलेच, तर ते तीन महिन्यांत त्या स्त्रीच्या हवाली केले पाहिजे, असेही सहावे कलम सांगते. हे आपल्या किती घरांना माहीत आहे?

म्हणून माझी विनंती अशी की, ‘देज बंद’ एवढ्यावर ठराव थांबवू नये. तसा ठराव झाला तर नोकरीवाल्या मुलांच्या घरांना आनंदच होईल. आपल्याकडून जायचे ते बंद झाले आणि मुलीकडून यायचे ते ‘आहेर’ या नावाखाली चालू राहिले, इतकाच त्याचा अर्थ उरेल. ठरावात मुलीकडून येणारी गाडी, सोने, रोख आणि भांड्याकुंड्यांच्या नावाखालची मागणी हीही नाव घेऊन लिहावी. ‘स्वखुशीने’ हा शब्द यादीत वापरू नये. मुलाकडच्यांना आपल्या चालीप्रमाणे काही द्यायचेच असेल, तर ते मुलीच्या बापाला किंवा भावाला न देता मुलीच्या नावावरच्या बँक खात्यात जमा करावे, म्हणजे उद्या तिच्यावर परत फिरण्याची वेळ आली तर कोणाच्या भावाचे लग्न आड येणार नाही. मुलीने स्वतःच्या कमाईने घेतलेली वस्तू तिच्याच नावाने लिहावी. आणि यादी वाचताना ती मुलगी आत, बैठकीत बसलेली असावी. हे शेवटचे कलम काही वडीलधाऱ्यांना रुचणार नाही, हे मला माहीत आहे. मलाही वीस वर्षांपूर्वी रुचले नसते.

भाषेबद्दलही एक गोष्ट सांगणे भाग आहे. मध्यंतरी एका मुलीच्या वादात तिच्या घरच्यांनी माझी यादी घेऊन एका सरकारी कार्यालयाचा उंबरठा झिजवला. यादी मराठीत, तीवर मुलीची सही नाही, किमती लिहिलेल्या नाहीत, म्हणून ती बाजूला ठेवली गेली. राग येऊन उपयोग नव्हता, कारण तीनपैकी दोन त्रुटी माझ्याच होत्या. यापुढे मी मराठी यादीसोबत कन्नड प्रतही करणार आहे. वाड्यावरची नवी पोरे कन्नड शाळेत शिकली आहेत, ती मला मदत करतील. आपली भाषा आपण घरात, ओवीत आणि बैठकीत जपूच. पण पोरीचा कागद ज्याच्या टेबलावर जाणार, त्याला तो वाचता आला पाहिजे.

हा ठराव फक्त खानापुरापुरता ठेवून चालणार नाही, म्हणून चंदगड आणि हल्याळच्या पंचांनाही हे पत्र आहे. आपली सोयरीक तीन राज्यांत पसरलेली आहे. महाराष्ट्रात आपण भटक्या जमातींत मोडतो. गोव्यात अनुसूचित जमातीत यावे म्हणून झगडतो आहोत, इथे कर्नाटकातही तेच. आपल्याच रानातल्या सिद्दी बांधवांना उत्तर कन्नड जिल्ह्यात ती मान्यता २००३ मध्ये आणि बेळगाव-धारवाडमध्ये २०२० मध्ये मिळाली. आपल्याला ती जेव्हा मिळेल तेव्हा मिळेल. पण एका बाजूच्या पंचांनी मुलीकडून गाडी घेणे बंद केले आणि दुसऱ्या बाजूच्यांनी केले नाही, तर स्थळे तेवढी सरहद्द ओलांडून फिरतील.

बैठकीत ठरावाचा जो मसुदा मी वाचणार आहे, तो याप्रमाणे असेल. आपल्याला तो मान्य नसेल तर दुसऱ्या कोणी लिहावा, मी पेन देईन. गोव्यात असलेल्या मुलींना शिलंगणाला दोन दिवस सुट्टी मिळेल असे पाहावे, असा निरोप मी त्यांच्या घरी धाडला आहे. त्यांची बसण्याची सोय देवळाच्या मागे न करता आपल्यासोबत, पुढच्या सतरंजीवर व्हावी. पाचवी वही मी विकत घेतली आहे. तिच्या पहिल्या पानावर खाली दोन रेघा आखून ठेवल्या आहेत, डावीकडे वधू आणि उजवीकडे वर, आणि त्यांच्या खाली पंच.

आपला नम्र,
यादी लिहिणारा गुरुजी,
ता. खानापूर, जि. बेळगाव